देव भिंतीवर गेले तेव्हा

"साधारण आठ दिवस झाले असतील," हे डॉक्टरांना म्हणाले आणि शेजाऱ्याचा असावा तसे स्वतःच्या गुडघ्याकडे बघत राहिले.

मी पर्स मांडीवर आपटली. "आठ दिवस कसले, डॉक्टर? आमचे देव भिंतीवर गेले त्याला चार वर्षं झाली."

डॉक्टरांचं पेन थांबलं, तसं मी सगळंच सांगून टाकलं. जन्मभर पाटावर बसून पूजा करणाऱ्या या माणसाने एके दिवशी देवघर भिंतीवर लावलं, म्हणे खाली मुंग्या होतात. मग डायनिंग टेबल आणलं, म्हणे तुला वाकून वाढावं लागतं. नंतर पाहुण्यांसाठी म्हणून कमोड बसवला. तेव्हापासून एकही पाहुणा मुक्कामाला आलेला नाही. हल्ली जिना तिरके होऊन उतरतात आणि दोष चपलांना देतात. तिसरा जोड चालू आहे.

"सकाळी उठल्यावर गुडघा आखडतो का?" डॉक्टरांनी यांना विचारलं.

"छे. जरा पेपर वाचतो आणि पलंगावरून उठतो."

"कालचा पेपर," मी म्हणाले. "आजचा आठ वाजता येतो. हे सहाला जागे होतात."

डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला. आतली करकर मलाही ऐकू आली. "तेव्हाच आला असतात, तर व्यायामावर भागलं असतं," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुम्हाला एवढं सगळं दिसत होतं, तर तुम्ही का नाही आणलंत यांना?"

मी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. ते टेबल मला फार आवडलं होतं.