फक्त इंग्रजी सुधार
प्रयोगशाळाप्रमुख एल्दादने शामलापुढे कागद आपटला. "फक्त इंग्रजी सुधार. अर्थाला हात लावायचा नाही." इस्रायलमधल्या हैफात आल्यापासून त्याचे सगळे शोधनिबंध तीच घासूनपुसून देत होती, नाव त्याचं छापून येई. आज मात्र कागदावर तिचंच शिफारसपत्र होतं, लंडनच्या नोकरीसाठी. एल्दादच्या मोडक्या इंग्रजीत: "ही बाई करतो सांगितले तेवढे. डोके स्वतःचे नाही आहेत." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लाल पेनाला टोपण लावलं. "झालं, सर. जसंच्या तसं फॅक्स करा." "आणि चुका?" "राहू द्या. तुमचे निबंध वाचलेत लंडनवाल्यांनी. तुम्ही स्वतः कसं लिहिता, तेही कळू दे." "धमकी देतेस?" "सल्ला देते." एल्दाद फॅक्सपाशी गेला, बटणावर बोट ठेवून थांबला आणि दातओठ खात परत आला. कागद चुरगळत तो गुरगुरला, "बस. सांग, काय लिहू?"