पहिल्या नंबरचा बॉक्सर

अकोल्याच्या त्या बॉक्सिंग क्लबात राज्यातला आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण, यावर दर रविवारी चहा गार होईपर्यंत भांडणं चालत. यंत्र आल्यापासून ती मिटली. जुन्या चित्रफितींवरून ते हयात नसलेल्यांनाही पुन्हा रिंगणात उभं करी, एकेक लढत दहा हजार वेळा लढवी आणि मग यादी लावी.

आज यादीत पहिलं नाव आलं गुलाबराव वानखडेंचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंचाहत्तरीचे गुलाबराव मात्र पडद्यावरच्या सॅम्युअलकडे, आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याकडे, बघत बसले होते. तरुणपणी राज्य स्पर्धेच्या अंतिम लढतीत गुलाबरावांच्या शेवटच्या ठोशाने पडलेला सॅम्युअल पुन्हा शुद्धीवर आलाच नव्हता.

"या दहा हजारांत तो किती वेळा वाचला?" त्यांनी विचारलं.

टाळ्या थांबल्या.

"सहा हजार एकशे बारा वेळा," यंत्र म्हणालं. "त्याचा गुडघा वाकताच तुम्ही हात आवरलात, त्या प्रत्येक वेळी."

गुडघा वाकला की थांबायचं आणि पंचाकडे बघायचं, हा या क्लबचा पहिला धडा. गुलाबरावांनीच तो चाळीस वर्षं सगळ्यांना शिकवला होता. आपण तेव्हा थांबलो असतो तर हरलो असतो, असं ते मनाशी घोकत आले होते.

"आणि त्यांत मी हरलो किती वेळा?"

"एकदाही नाही. पंचाने दर वेळी तुमचाच हात वर केला."