सहा महिने वैध

दर सहा महिन्यांनी एक काका जुनी स्कूटर ढकलत, घामाघूम होऊन धूर तपासणीच्या टपरीवर यायचे. तपासणीपुरतं इंजिन सुरू करायचे, गाडीच्या मालकिणीचं नाव छापलेलं प्रमाणपत्र घडी न घालता पिशवीत ठेवायचे आणि पुन्हा ढकलतच घरी जायचे.

आज टपरीवाल्याला राहवेना. "काका, गाडी ढकलतच आणता, ढकलतच नेता. मी धूर मोजू कशाचा, तुमच्या चपलांचा? त्यापेक्षा ही भंगारात द्या. बॅटरीच्या गाडीवर सूट मिळतेय, हवाही सुधारेल."

काकांनी प्रमाणपत्रावरच्या नावावरून हलकेच बोट फिरवलं.



"बाकी सगळ्या कागदांवर माझ्या लेकीच्या नावापुढे 'मयत' लिहून झालंय, बाळा. तुझ्या मशीनला तेवढं अजून कुणी सांगितलेलं नाही."