पोर्तुगीज गाणं

“तुला त्या खोलीत कधी काही त्रास झालाय का, रोझलिन?” मॅनेजरबाईंनी विचारलं. आवाज असा मऊ, की त्यावर डोकं टेकावं.

टेबलापलीकडे पर्ल बसली होती. जमैकाची पर्ल. कॅनडातल्या या वृद्धाश्रमात अंथरुणातलं माणूस न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, ते रोझलिनला तिनेच शिकवलेलं. पर्लची तक्रार साधी होती. वरच्या मजल्यावरच्या मिसेस हॅडलींना काळ्या-सावळ्या हातांनी आंघोळ घातलेली चालत नाही, म्हणून आधी पर्लला, मग घानाच्या एका मुलीला, मग एका फिलिपिनो बाईला तिथून काढून खाली लाँड्रीत पाठवलं. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. पर्लला तिचं काम परत हवं होतं. साक्षीदार एकच होती, त्या खोलीत अजूनही जाणारी रोझलिन.

सकाळी मिसिसागाच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या होत्या.

“‘ते काळे हात माझ्या अंगाला नकोत.’ एवढंच सांग,” पर्ल म्हणाली होती. “टॉवेल घेऊन तूच उभी होतीस ना?”

“होते की. सांगते.”

“बघ हं. तू पडलीस पोर्तुगीज बाई. एकदा लिस्बनला तरी जाऊन ये, निदान विमानतळ बघून ये.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर पर्ल पोट धरून हसली होती. रोझलिनही हसली, पण अर्धीच.

ते पोर्तुगीजचं असं झालं होतं. पहिल्याच दिवशी मिसेस हॅडलींनी तिच्या छातीवरचा बिल्ला वाचला, रोझलिन लोपीस. गळ्यातला क्रूस पाहिला, गव्हाळ हात पाहिले. “पोर्तुगीज ना गं तू?” वसईचं नाव रोझलिनच्या ओठांवर आलंही होतं. पण टबातलं पाणी निवत होतं, म्हातारी कुडकुडत होती, आणि कुण्या काळी कुणा पाद्र्याने तिच्या पूर्वजांना दिलेलं आडनाव ऐन वेळी कामाला आलं. ती नुसती हसली. त्या एका हसण्यावर दोन हिवाळे निघाले.

केस विंचरताना मिसेस हॅडली म्हणायच्या, “तुझं ते पोर्तुगीज गाणं म्हण.” मग वसईच्या लग्नघरात बायका गातात ते रोझलिन हळूच गुणगुणायची,

लेक चालली सासरी, माय वेशीत उभी राहे,
जसं भांडं पुढं येई, तसं पाणी होत जाये.

“किती गोड भाषा आहे तुमची,” म्हातारी डोळे मिटून म्हणायची. रोझलिनचा कंगवा क्षणभर थांबायचा, मग पुन्हा चालायचा.

आता मॅनेजरबाई पेन धरून थांबल्या होत्या. रोझलिनला पर्लकडे पाहायचं होतं, पण नजर खिडकीकडेच गेली. कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाची पताका जुलैपासून तिथे तशीच लोंबत होती, आता तिच्यावर बर्फ साचलं होतं. रोझलिनची नोकरी कायम करायचं बोलणं नुकतंच निघालं होतं. काल जेवताना नवरा म्हणाला होता, “आपण पाहुणे गं. पाहुण्याने आमटीत मीठ कमी आहे म्हणू नये.”

“मला?” ती म्हणाली. “मला नाही काही त्रास.”

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मॅनेजरबाईंनी पेनला टोपण लावलं. पर्लने खुर्ची मागे सारली आणि सावकाश उठून बाहेर पडली. रोझलिनने तिला जिन्यापाशी गाठलं.

“पर्ल, थांब ना. त्यांनी मला माझ्यापुरतं विचारलं, म्हणून मी...”

“ऐकलं मी.” पर्लचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “खोटं बोलली असतीस तर भांडले असते, रोझ. आता काय भांडू?”

पर्ल लाँड्रीकडे खाली उतरली. रोझलिन वर चढली. काठोकाठ भरलेली घागर हिंदकळू न देता न्यावी, तसं एकच वाक्य तिने वरपर्यंत नेलं.

मिसेस हॅडली खिडकीशी बसल्या होत्या. तिने त्यांचा एक हात स्वेटरच्या बाहीत घातला आणि बोलून टाकलं.

“मी पोर्तुगीज नाही. मी इंडियाची, वसईची. तुम्ही पर्लला जे बोललात ना, ते मी ऐकलंय. ते वाईट होतं. फार वाईट होतं.”

म्हातारी दचकली नाही. रागावलीही नाही. तिने आपला दुसरा हात पुढे केला, बाहीसाठी.

“इंडियाची ते ठाऊक आहे मला. मी काय आंधळी आहे, पोरी? पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.” तिने मायेने रोझलिनच्या मनगटावर थोपटलं. “त्या बाकीच्यांना तोंड फार होतं. तुझं तसं नाही. चल, बटणं लाव बघू, गार वाजतंय.”

रोझलिन वाकली. तिने बटणं लावली. खालून वर, एकेक करत, थेट गळ्यापर्यंत.