भिंतीवरचा उलटा युरोप

शाळेच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि लतिकाने आधी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर पहिलंच चित्र होतं काचेच्या इमारतींचं. तिथे खरं तर ग्रीकांचं खांबांचं देऊळ हवं होतं. ते पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसलं होतं.

प्राचीन काळापासून आजपर्यंत युरोप कसा बदलत गेला, ते मुलांना येता-जाता दिसावं म्हणून शाळेने ही प्लास्टरची उठावचित्रं करून घेतली होती. ग्रीक, मग रोमन, मग चर्च, छापखाना, आगगाडी आणि शेवटी आजचं शहर. काम लतिकाचं आणि तिच्या नवऱ्याचं, भानुदासचं. शारजात स्वतःचं वर्कशॉप टाकल्यावरचं पहिलंच. शाळेने दिलेलं ड्रॉइंग अरबी, म्हणजे उजवीकडून डावीकडे बघायचं; दारही उजव्याच टोकाला. भानुदासने सुट्टीच्या दिवशी एकट्याने, मोठ्या हौसेने डावीकडून सुरुवात केली. मराठी माणूस, आणखी कुठून करणार!

"अहो, मुलं कुठल्या दाराने येणार तेवढं तरी बघायचं," लतिका म्हणाली.

भानुदास चित्रांकडे असा बघत होता, जणू ती दुसऱ्याच कुणी लावली होती. काढायची म्हणजे फोडायची, आणि शाळा तर आजच सुरू. पहिल्याच कामात नाव गेलं तर पुढे दारात कोण उभं करणार?

तेवढ्यात मुख्याध्यापिका अफशा मॅडम आल्या. त्यांच्या मागोमाग बसमधून उतरलेली चौथीतली इनाया. लतिकाने आढेवेढे घेतले नाहीत. चूक आमची आहे, फोडून पुन्हा लावून देऊ, असं तिने हिंदीत सरळ सांगून टाकलं. मॅडमचा चेहरा उतरला. त्या काही बोलणार, तोच इनाया इमारतींवरून हात फिरवत पुढे गेली आणि आगगाडीपाशी थांबली.

"अँड बिफोर दॅट?" तिने विचारलं.

मॅडमनी नुसतं पुढे बोट दाखवलं. छापखान्यापाशी पुन्हा तोच प्रश्न. नंतर पोरीला कुणाला विचारायचीही गरज राहिली नाही. चर्च, रोमन कमानी, एकेक मागे टाकत ती जवळजवळ पळतच ग्रीकांच्या देवळापर्यंत पोचली. त्यापुढे भिंत कोरी होती. तिथेही ती थांबली आणि मागे वळून मॅडमकडे बघू लागली.

"अँड बिफोर दॅट?"

मॅडम हसल्या. एकही चित्र हलवायचं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि लतिकाच्या जिवात जीव आला. इतकं हलकं वाटलं की तिला रडूच यायचं बाकी होतं. भानुदास मात्र लगेच मान डोलवायला लागला, जणू ही सगळी कल्पना त्याचीच.

मॅडम कोऱ्या भिंतीपाशी गेल्या.

"लतिकाजी, यहाँ एक और लगेगा," त्या म्हणाल्या. "ग्रीक लोगोंने भी किसीसे सीखा था. वो लोग तो हमारे पडोस के थे, इसी अरब खाडी के किनारे के, मिट्टी की तख्तियों पर लिखनेवाले."