लेथची वाटणी

“पोलाद कातायची टिप बिडाच्या लाटेवर? डोकं फिरलंय का रे तुझं?” अमृतप्पा धाकट्या भावावर ओरडला.

“आन् तुझी टिप काय वज्राची हाय व्हय?” विरुपाक्ष म्हणाला.

त्यांचा मधला भाऊ गुरुशांतप्पा वारल्याला वर्षही झालं नव्हतं. हुलसुरातल्या त्याच्या लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, आता त्याची बायको गौरम्मा उसाच्या चरकांच्या लाटा, रस पिळणारे बिडाचे जाड रूळ, कातायची. त्यावर सासू-सुनेचं पोट चालायचं. दोघा भावांना तिची भारी काळजी. बाईमाणसाला एवढं जड यंत्र कशाला, म्हणून ते न्यायलाच दोघं आले होते. कुणी न्यायचं, एवढाच प्रश्न होता. ज्याची कार्बाइडची टिप, म्हणजे लेथला लावायचं कातायचं टोक, लाट कातेल, लेथ त्याचा, असं ठरलं. निजामाचं राज्य गेलं होतं; आता सगळं न्यायानंच व्हायला हवं. गौरम्माला कुणी विचारलं नाही. तिनं लेथचं इंजिन सुरू केलं. सासू बसव्वा दाराशी बसून होती.

अमृतप्पाची टिप हैदराबादची, विरुपाक्षाची सोलापूरची. आपापल्या दुकानदारानं शिकवलेलं दोघं एकमेकांना तावातावानं ऐकवत होते.

थोरल्याची टिप लाटेला टेकली. कार्बाइड कडक खरं, पण काचेसारखं ठिसूळ. थरथर झाली आणि तुकडा उडाला. विरुपाक्ष पोट धरून हसला. मग त्याची टिप लागली. तीही फुटली. हसणं थांबलं.

जन्मात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

“लेथच भंगार हाय,” अमृतप्पा म्हणाला. “ठेव तूच, गौरम्मा. तुझ्या तोंडचा घास आम्ही कामून काढावा?”

एवढं औदार्य दाखवून दोघं बैलगाडीत बसले.

गौरम्मानं टिप बसवायचा खांब धरून हलवला. तो डुगडुगला. बुडाचा नट ढिला होता.

“अव्वा, सकाळी तर मी घट्ट आवळला होता!”

बसव्वानं पदराआडून पाना काढला आणि तिच्या हातात ठेवला.

“आवळ आता. माझीच पोरं हायती. दिवसभर भांडतील, पर नट बघायची न्हाईत.”