उरलेलं पाणी

यंदा अपूर्वाबाईंनी मोठ्या हौसेनं सातवीचे सगळे विषय गोदावरीला जोडले होते. विज्ञानाच्या तासाला पाण्याची तपासणी, गणितात तिचा आलेख, भूगोलात नाल्यांचा नकाशा आणि मराठीत निबंध. आज सकाळीच मुलं पंचवटीतल्या कुंडावरून बाटल्या भरून आली होती. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब पडले आणि ते गडद निळं झालं.

"बघा, फॉस्फेट किती आहे!" प्रयोग साधल्यामुळे बाई खुशीत होत्या. "नदीत हे येतं कुठून?"

"साबणातून!" "गटारातून!" विश्वेश तर बाकावर उभाच राहिला. "बाई, हाडांतून! तिथं अस्थी सोडतात ना!"

"शाब्बास! चला, आता बाटलीतलं उरलेलं घाण पाणी बेसिनमध्ये ओता आणि हात धुवा."

सगळ्यांनी ओतलं. शौनक तेवढा बाटली छातीशी धरून बसून राहिला. बरेच दिवस गैरहजर राहून आज उगवला होता, तोही टोपी घालून. टोपीवरून बाईंनी सकाळीच त्याला झापलं होतं, तरी त्यानं ती काढली नव्हती.

"शौनक, तुला वेगळं सांगायचं का?"

बाईंनी बाटलीला हात घातला. त्यानं ती आणखी घट्ट आवळली आणि त्या ओढाताणीत टोपी खाली पडली. डोक्याचा नुकताच गोटा केलेला होता.

"बेसिनमध्ये नको ना, बाई," तो म्हणाला. "मी आईला परत तिथंच सोडून येतो."